हात दाखवून अवलक्षण

पुढची महासाथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण आली की पहिल्या दिवशी काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. चाचण्या बंद. नाकात काडी घातली की रिपोर्ट येतो, रिपोर्ट आला की आकडा चढतो, आकडा चढला की दुकानं बंद होतात. रोगाचं मूळ काडीत आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. शेंबडं आहे म्हणून त्याची चाचणी तेवढी करू नका.

हा सिद्धांत आमचा नव्हे. श्रेय डोनाल्ड ट्रम्प यांचं. चाचण्याच थांबवल्या तर रुग्ण उरतील किती, असा हिशेब त्यांनी जून २०२० मध्ये मांडला. पाच दिवसांनी टल्साच्या सभेत, चाचण्या जरा सावकाश घ्या असं आपल्या माणसांना बजावल्याचंही सांगून टाकलं. माणसांनी लगोलग खुलासा केला, साहेब गमतीनं बोलले. त्यावर साहेब म्हणाले, मी गंमत करत नसतो. खरं बोलायचं म्हटलं तरी स्वकीय बोलू देत नाहीत.

ज्यांनी हा हिशेब मानला नाही त्यांची गत पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगशाळेला पीसीआरच्या निकालांत काहीतरी चमत्कारिक दिसलं. त्यांचं किट विषाणूची तीन जनुकं शोधायचं. दोन सापडत होती, काट्याच्या प्रथिनाचं तिसरं गायब. व्यवहारी माणूस ‘किट खराब आलंय’ म्हणून चहा प्यायला गेला असता. यांनी खोदून पाहिलं, जनुकक्रम लावला, एकट्या काट्यावर तीसहून जास्त बदल मोजले आणि २५ तारखेला सगळ्या जगाला सांगून मोकळे झाले. त्याच दिवशी ब्रिटननं त्यांच्यासह सहा देशांची विमानं थांबवल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी विषाणूला ओमिक्रॉन हे नाव मिळालं. मग नेदरलँड्सनं हळूच सांगितलं, की आमच्याकडच्या १९ तारखेच्या नमुन्यातही हाच होता. म्हणजे पाहुणा युरोपच्या पंगतीत आधीच जेवायला बसला होता. उठवलं मात्र त्याला, ज्यानं ‘हे कोण?’ म्हणून विचारलं.

आपणही एकदा या फंदात पडलो होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीचे आकडे चढले. मार्चच्या २४ तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालय म्हणालं, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन बदल एकत्र दिसतात खरे, पण रुग्णवाढीशी त्यांचा थेट संबंध जोडावा इतके नमुने काही नाहीत. काय बिनतोड युक्तिवाद! नमुने कमी तपासा, संबंध आपोआप कमी होतात. बाधितांपैकी पाच टक्के नमुन्यांचा जनुकक्रम लावायचा, असं इन्साकॉग हा प्रयोगशाळांचा गट नेमताना ठरलं होतं. ठरणं वेगळं, लावणं वेगळं.

मग एप्रिल आला. त्यावर विनोद करण्याइतकं आमचं काळीज घट्ट नाही.

मे महिन्यात मात्र सरकार जागं झालं. आयटी मंत्रालयानं समाजमाध्यमांच्या कंपन्यांना पत्र धाडलं, की ‘इंडियन व्हेरिएंट’ असा उल्लेख असलेला मजकूर काढून टाका. लोक बेड शोधत होते, मंत्रालय शब्द शोधत होतं. महिनाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक मुळाक्षरं काढली आणि बाळाचं नाव डेल्टा ठेवलं. ओमिक्रॉनच्या वेळी तर दोन अक्षरं ओलांडली. ‘नू’ म्हणजे लोकांना ‘नवा’ वाटेल म्हणून, आणि ‘शी’ हे पुष्कळ लोकांचं आडनाव असतं म्हणून. त्या पुष्कळांत कोण कोण येतं, ते सुज्ञांना सांगायला नको.

जानेवारी २०२२ उजाडेपर्यंत आमची सोसायटी पुरती शहाणी झाली होती. २०२० च्या मार्चात, डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का दिसला की अख्खी लिफ्ट रिकामी व्हायची, ते कुणी विसरलं नव्हतं. संक्रांतीला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊन दारात उभ्या. आवाज फुटक्या भोंग्यासारखा.

“काकू, टेस्ट केलीत का?”

“टेस्ट कशाला? नुसतं व्हायरल आहे. काकांना आहे, सुनेला आहे, धुणंवालीपण दोन दिवस आली नाही.”

“वास येतोय ना?”

“तिळगूळ घे, गोड बोल.”

फार चौकस असतील ते पुण्याच्याच मायलॅबचं अडीचशे रुपयांचं किट आणून बाथरूमचं दार लावून नाक घुसळत. निकाल ॲपवर कळवा अशी त्यावर सूचना होती. आपल्याकडे खोक्यावरच्या सूचना वाचतो कोण? दोन रेघा उमटल्या की पट्टी कचऱ्याच्या बादलीत, वरून भाजीची देठं. जी काडी प्रयोगशाळेत पोचलीच नाही, तिच्यावर बसलेला विषाणू डेल्टा की ओमिक्रॉन, की आणखी तिसराच कुणी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्याला हवं तसं बदलायची मुभा, आपल्याला झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आपण सगळे हौशी कलाकार. खरी कारागिरी २०२१ च्या कुंभमेळ्यात हरिद्वारला झाली. हायकोर्टानं रोज ५० हजार चाचण्यांचा आदेश दिलेला. एवढ्या काड्या घालायच्या कुणी? प्राथमिक चौकशीत निदान एक लाख अहवाल बनावट निघाले. एकाच किटवर ७०० नमुने तपासलेले. ‘घर क्रमांक ५’ एवढ्याच पत्त्यावरून ५३० नमुने आलेले. एकत्र कुटुंबपद्धती बुडाली म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा त्या घराचं दर्शन घ्यावं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कुंभाला न गेलेल्या पंजाबातल्या एका गृहस्थांच्या मोबाइलवर ‘तुम्ही निगेटिव्ह’ असा निरोप आला आणि त्यांनी आयसीएमआरकडे तक्रार केली. घरबसल्या, फुकट, काडी न लावता निगेटिव्ह मिळालेल्या माणसाला त्यात नाक खुपसायचं काही कारण होतं का?