चौदावं रत्न

सकाळी नऊला नेहमीच्या टेबलावर बसलो आणि काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं. टेबल पुसलेलं होतं, तेही कोरड्या फडक्यानं. एरवी बाळूच्या खांद्यावरचं एकच फडकं टेबल, ताटली, कपाळ आणि प्रसंगी झुरळ अशी चार खाती सांभाळतं. आज खांदा रिकामा होता आणि डोक्यावर जाळीची टोपी होती. पाकिटातल्या घडीच्या खुणा अजून तिच्यावर तशाच.

"काय रे, बारसं आहे का कुणाचं?"

"मॅडम येणारेत, काका. एफडीएच्या."

अचानक होणारी तपासणी आधी कशी कळते, हे विचारायचं नसतं. दोन चौक अलीकडच्या हॉटेलात मॅडम शिरल्या की शेठच्या ग्रुपवर 'फूड आलंय' एवढे दोनच शब्द पडतात आणि आमच्या गल्लीत फिनेलचा वास सुटतो.

गल्ल्यावर शेठचा भाचा रजिस्टर घेऊन बसला होता. फ्रीजचं तापमान त्यात रोज दोनदा लिहायचं असतं. भाचा जानेवारीपासून निघाला होता आणि माझा उपमा संपेपर्यंत मार्चात पोचला. एकच पेन, एकच शाई, एकच आकडा. चार, चार, चार. शेठनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"मधेमधे पाच टाक रे. खोटं वाटेल."

आमच्याकडे फेब्रुवारीत दोन दिवस वीज नव्हती. त्या दोन्ही दिवशी फ्रीज चारवरच होता. फ्रीज असावा तर असा.

मॅडम आल्या. तरुण होत्या, पायात बूट होते आणि चेहऱ्यावर आज अजून सहा ठिकाणी जायचंय असा भाव होता. १९५४ च्या भेसळीच्या कायद्यात त्यांच्या हुद्द्याला अन्न निरीक्षक म्हणायचे. २००६ चा नवा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि निरीक्षकाचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला. भटारखान्यात मात्र त्यांना अजूनही 'फूड'च म्हणतात. हॉटेलं, बेकऱ्या, डेअऱ्या, मिठाईवाले, पाणीपुरीच्या गाड्या असं सगळं एकट्या मॅडमच्या गळ्यात. त्यांच्यावर हसण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून मी शेठवर हसतो, आणि थोडा स्वतःवर.

"फलक कुठंय?" मॅडमनी विचारलं.

हॉटेलाला जांभळा फलक लावावा लागतो. त्यावर परवान्याचा नंबर असतो आणि गिऱ्हाइकानं तक्रार कुठं करायची तेही असतं. आमच्याकडे तो गणपतीच्या तसबिरीमागे आहे. तक्रारीच्या नंबरावर हार आलाय. देवाचा हार हलवायला कोण सांगणार?

मग आचाऱ्याचा फिटनेस दाखला निघाला. तो दरवर्षी लागतो. दाखला खरा होता, वस्ताद खोटा होता. दाखल्यावरचा वस्ताद दिवाळीला गावी गेला तो परतलाच नाही. सकाळपासून नव्या वस्तादला सगळे त्याच्याच नावानं हाका मारत होते. तो बिचारा मधूनच 'ओ' द्यायला विसरत होता.

बर्फाचं विचारलं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा, असं राज्यात २०१८ साली ठरलंय. "आपला पांढराच आहे, मॅडम," शेठ अभिमानानं म्हणाले. मीही आजवर पांढराच पाहिलाय. निळा बर्फ आणि उंबराचं फूल ज्याला दिसलं त्यानं कळवावं.

कढईपाशी मॅडम जरा थबकल्या. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड नावाची भानगड २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा २०१८ पासूनचा नियम आहे. वस्तादला पोलर माहीत नाही. तो झारा उचलून तेलाची धार बघतो आणि "अजून दोन घाणे निघतील" म्हणतो. पण याबाबत मी तोंड उघडू नये. तेल बदलल्याच्या दिवशी "आज वडा उतरला राव" अशी तक्रार करणारा पहिला माणूस मीच असतो.

"सॅम्पल घ्यायचंय," मॅडम म्हणाल्या. "चार भाग लागतील."

पुण्यातल्या पोराला सॅम्पल म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. बाळू धावत आत गेला आणि मिसळीचा कट भरलेल्या चार वाट्या घेऊन आला. वर तर्री, शेव, कोथिंबीर.

"लिंबू देऊ, मॅडम?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी पिशवीतून स्वतःच्या बरण्या काढल्या, चार भाग केले, सील लावलं, सह्या घेतल्या. अन्न विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत. बाळूच्या वाट्या शेवटी पलीकडच्या टेबलावर गेल्या. त्यांचा अहवाल त्याच रात्री आला असणार.

कायद्याला हा चौदा आकडा भलता प्रिय आहे. परवान्याचा नंबर चौदा आकडी, अहवाल चौदा दिवसांत, सुधारणा नोटीस दिली तर तिची मुदत किमान चौदा दिवस. या सगळ्या चौदांत एक रत्न राहिलं होतं, ते २०२५ च्या जुलैत मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात निघालं. बनियन आणि टॉवेल अशा गणवेशात एक आमदार कॅन्टीनमध्ये उतरले, डाळ समोरच्याला हुंगायला लावली आणि उभ्या उभ्या त्याला चौदावं रत्न दाखवलं. ना रजिस्टर, ना बरण्या, ना सील. एफडीएही तातडीनं पोचली आणि दोन दिवसांत परवाना निलंबित झाला. चौदा दिवस मोजत बसायची वेळच आली नाही.

शेठनी तो व्हिडिओ दहादा पाहिलाय. तेव्हापासून ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता कपड्यांकडे बघतात. शर्टपँट असेल तर कालची डाळ, फोडणी देऊन. खांद्यावर टॉवेल दिसला की "ताजी लाव रे!" परवा एक जण पोहायच्या तलावावरून सरळ इकडे आला. त्याला साजूक तूपसुद्धा मिळालं.

मॅडम नोटीस देऊन गेल्या. बाळूनं टोपी काढली, जुन्या घडीवर घडी घातली आणि पाकिटात ठेवली. फडकं खांद्यावर परतलं.

"मामा, एप्रिल पण लिहून टाकू?" भाच्यानं विचारलं.

"आज तारीख काय?"

"अठरा मार्च."

"मग राहू दे. पेन बदलून लिही."

मी वडा मागवला. तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आला. छापील कागदात खाणं बांधायला २०१९ पासून बंदी आहे, शाई पोटात जाते म्हणून. सदर लिहिणाऱ्यांचा एक मोठा वाचकवर्ग या नियमानं कायद्याबाहेर गेला, याची दाद कुणी घेतली नाही. तुकडा उलटून पाहिला तर माझाच फोटो, कपाळापर्यंत तेल.

"काका, हे तुमचंच ना?" बाळू म्हणाला. "लोक वाचतात हो. परवा एकानं सगळं वाचलं आणि दुसरा वडा घेतला."