१६० चौरस फुटांचे बालविकासशास्त्र

बालसंगोपनावरील कोणत्याही गंभीर ग्रंथात मुंबईच्या बीडीडी चाळींवर एक स्वतंत्र प्रकरण असायला हवे. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेले सरकारी खाते. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प या खात्याने सोडला आणि सुमारे १६,००० खोल्यांनंतर तो खरोखरच सोडून दिला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या या काँक्रीटच्या इमारती इतक्या भक्कम आणि इतक्या कोंदट होत्या की, सुरुवातीला त्यांना पुरेसे भाडेकरू मिळेनात, आणि कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींतून सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग उघडताना सरकारला त्यांत फारसे फेरफार करावे लागले नसावेत.

पुढे याच वास्तूंत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. ‘खोली’ ही संज्ञा येथे दिवाणखाना, स्वयंपाकघर, शयनगृह आणि मोरी (भांडी व आंघोळ यांसाठी कोपऱ्यात राखलेला चौकोन) या सर्वांना मिळून वापरली जाते, आणि तिचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट असते. रात्रपाळी करून आलेला कर्ता पुरुष दिवसा त्यातच झोपत असल्यामुळे मुलाला बोलायला येण्याआधी कुजबुजायला येत असे, आणि चालायला लागताच त्याची रवानगी पॅसेजमध्ये होत असे. पॅसेज म्हणजे खोल्यांच्या दोन रांगांमधील अंधारा बोळ, जो कोणाच्याही नावावर नसल्यामुळे सर्वांचा असे. अभ्यास, कॅरम, भांडण आणि लग्नाच्या पंगती तेथेच उरकत, आणि मूल कोणाचे याची चौकशी न करता त्याला चापट मारण्याचा अधिकार मजल्यावरील प्रत्येक मावशीला असे. नागरिकशास्त्र सामायिक संडासाच्या रांगेत शिकवले जाई, कारण तेथे ज्येष्ठता, वशिला आणि खरीखुरी निकड यांतील फरक पहाटेच कळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुलांना बाप दिवसाढवळ्या जागा दिसू लागला. तरीही कुजबुज थांबली नाही, फक्त तिचा विषय दुकानातील उधारी हा झाला.

या व्यवस्थेला ‘चाळसंस्कृती’ असे भारदस्त नाव आहे. घरात स्वतःचा संडास आल्यावर दुरून जे रम्य दिसू लागते, त्यास चाळसंस्कृती म्हणावे, अशी तिची व्यवहार्य व्याख्या करता येते. म्हणूनच तिचे सर्वांत कळकळीचे उपासक डोंबिवलीपलीकडे, क्वचित समुद्रापलीकडे आढळतात. दरम्यान म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने या चाळींच्या पुनर्विकासात प्रत्येक पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर देऊ केले असून, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हे माप चटई क्षेत्राचे, म्हणजे भिंतींच्या आतील वापरायच्या जागेचे आहे. बालपण ज्या पॅसेजमध्ये गेले, तो पूर्वीही कोणी मोजला नव्हता.

चाळ गेल्याच्या हळहळीने कासावीस झालेल्या लेखकांनी तिचे संग्रहालय जरूर मागावे. त्यात पहाटेची रांग तेवढी ठेवावी, आणि तिकीट काढलेल्या प्रत्येकाला टमरेल देऊन तिच्यात शेवटी उभे करावे.