नववी मात्रा

केदारखेड्याच्या पुतणीने सायकलवर कविता केली आणि ‘काका, तेवढं यमक-बिमक बघा’ म्हणत वही माझ्यापुढे टाकली. पोर नववीत. सायकल मानव विकास कार्यक्रमातली, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला मिळते ती. घरात मला कुणी काही तपासायला देत नाही, त्यामुळे मी चष्मा पुसून माधव जूलियनांची ‘छंदोरचना’च खाली काढली.

पहिली ओळ: ‘पायडल मार, पायडल मार’. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक. पायडल पाच, मार तीन, झाल्या आठ. चोख पद्मावर्तन! पोरीने बोटंसुद्धा मोजली नव्हती.

दुसऱ्या ओळीत मात्र ‘सायकल माझी’. पाच आणि चार, नऊ. हँडल ढिलं असावं तशी ओळ कलते. म्हटलं, ‘सायकल छान’ कर, बरोब्बर आठ होतील.

‘छान कुठं हाय? मडगार्ड वाजतंय. माझी हाय, एवढंच खरं.’

नववी मात्रा राहिली.

यमकं मात्र फर्मास. पंक्चर, लेक्चर, पिक्चर. तिन्हीकडे एक गुरू, दोन लघू, म्हणजे भगण. ‘पिक्चर’मधला पि ऱ्हस्व खरा, पण पुढच्या जोडाक्षराचा धक्का बसून गुरू होतो. मनाच्या श्लोकांचा भुजंगप्रयात वापर, असं सुचवणार होतो. पण चार यगणांची ती चाल सपाट रस्त्याची. भोकरदन रोडला एक गण जागेवर राहायचा नाही.

तिसऱ्या कडव्यात ‘पायडल मार’ची ओळ लागोपाठ चारदा. इथे मी रंगात आलो. म्हटलं, पुनरावृत्ती म्हणजे चाकाची गती, तोच आरा फिरून वर येतो, आपल्या ध्रुपदाची परंपरा...

‘तसं नाही काका. तिथं चेन पडली. कितीबी मारा, सायकल जागेवरच.’

पुन्हा वाचलं. खरंच, चार ओळींत कविता तसूभर सरकत नाही. पाचवी ओळ नुसती ‘हात काळे’. सात मात्रा. आठवी ओढणीला पुसली असणार.

शेवटचं कडवं पूर्णेच्या पुलापाशी चढाला लागतं. ओळी लांबतात, धापा टाकतात. म्हटलं, अगं, मध्ये एक यती घे, वाचणाऱ्याला विसावा मिळेल.

‘चढावर पाय टेकला की परत निघता येत नाही. अन् मागं मैत्रीण डबलसीट असती, ती उतरत नाही.’