पाण्याआधी टाकलेला रुमाल

दादरा-नगर हवेलीतल्या मसाटला समुद्र नाही. सरकारी औद्योगिक वसाहत आहे, प्लास्टिकचे आणि सुताचे कारखाने आहेत, आणि पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर चार भाषांतून उधारी मागितली जाते. अशा गावात कोणी मासेमारीची कयाक आणली, की शेजारी आधी तिच्या लांबीकडे आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघतात.

पण पाणी तसे लांब नाही. नाशिकच्या सह्याद्रीतून निघालेली दमणगंगा मधुबन धरणाशी अडते, आणि खानवेलच्या पुढे दुधनीला तिचा असा जलाशय पसरतो, की तिथे चक्क काश्मिरी थाटाचे शिकारे फिरतात. आमच्या एका मित्राची कयाक गाडीच्या टपावर बसून तिकडेच जाते. वहिनींनी एकदा त्या कयाकचा खर्च घरी आलेल्या माशांवर वाटला, तेव्हा कटला सुरमईपेक्षा महाग निघाला. त्यानंतर घरात तो विषय निघत नाही.

ही कयाक पॉलिइथिलीनची. भुकटी साच्यात घालून, साचा तापवून आणि फिरवून घडवलेली, त्यामुळे आतून पूर्ण पोकळ. पोकळ आहे म्हणून ती तरंगते. मात्र मासे पकडणाऱ्याचा हात स्वस्थ बसत नाही. गळाची काठी खोवायला एक भोक, मासे शोधणाऱ्या यंत्राला चार, पेला ठेवायला दोन. समुद्राच्या लाटांनी करायचे काम हा गृहस्थ घरीच ड्रिल मशीनने करतो. मग एखाद्या स्क्रूचा वायसर सुटतो, तळाजवळचे बूच ढिले राहते, आणि पाणी आवाज न करता आत येऊन बसते.

पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलके. म्हणून भरलेली कयाक सहसा तळाशी जात नाही. ओंडक्यासारखी अर्धी बुडून पडते. वर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने यात फारसे समाधान नाही. त्यात आतले पाणी एका जागी राहत नाही. डावीकडे जरा कललात, की सगळे पाणी तुमच्या मताला दुजोरा द्यायला डावीकडे धावते.

यावर उपाय फोमचा. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसाच फोम कयाकच्या पोटात जागा धरतो. पाणी आले तरी त्याला बसायला जागा नाही. हिशोब आर्किमिडीजचा आहे: बुडालेला प्रत्येक लिटर फोम एक लिटर पाणी हटवतो, म्हणजे सुमारे एक किलो भार उचलतो. हलक्या जातीचा पन्नास लिटर फोम स्वतः किलोभरच भरतो. उरलेली एकोणपन्नास किलोंची उचल आपली.

हे शहाणपण काही नवे नाही. आपल्याकडे पोरांच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधून त्यांना विहिरीत ढकलत. परीक्षेत नको असलेला भोपळा तिथे मात्र प्राणाहून प्रिय वाटे. पलीकडे अमेरिकेत रिचर्ड फिशर यांनी तर फोमभरल्या ‘बॉस्टन व्हेलर’ बोटीत स्वतः बसून ती करवतीने मधोमध कापवली आणि मागच्या अर्ध्या भागावर इंजिन चालवत निघून गेले. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात ती छायाचित्रे आली.

मसाटला फोमची ददात नाही. कारखान्यात नवे यंत्र आले, की खोक्यातून ढीगभर निघतो. पण पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम निवडावा. साध्या थर्माकोलचे मणी झडतात, मण्यांच्या फटींत कालांतराने पाणी शिरते, आणि पेट्रोल लागले तर तो विरघळतो. फवाऱ्याचा फोम फुगता फुगता कयाकलाही फुगवू शकतो. पॉलिइथिलीनला साधा गोंद धरत नाही, म्हणून तुकडे घट्ट बसतील असे कापून, आतल्या कडांना आणि दोन्ही टोकांना सारखे अडकवावेत. सगळा फोम पुढच्याच टोकाला कोंबला, तर भरलेली कयाक शेपटीवर उभी राहते. छायाचित्र छान येते, काढणारा मात्र दुसरा लागतो.

आमच्या मित्राला हे सगळे जमले, आणि आता तो निर्धास्तपणे पुढच्या काठीसाठी नवे भोक पाडायला मोकळा झाला आहे. माणसाचे असेच असते. सुरक्षितता वाढली, की आपण तेवढाच धोका नव्याने विकत घेतो. धरणाच्या पाण्यावर ज्यांना गरजेने उतरावे लागते, त्यांना ही चैन नाही. जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, अशी बातमी २०२३ मध्ये आली होती. आपण होडीच्या आत जे हौसेने भरतो, तीच त्यांची सबंध होडी होती.

तेव्हा हौस जरूर करा, पण फोम कयाकला वाचवतो, तुम्हाला नाही, एवढे ध्यानात ठेवा. बूच तपासा, कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम भरून बघा, आणि लाइफ जॅकेट सीटमागे ठेवू नका. अंगात घालून त्याचे बक्कल लावा.