नवे सर

तालुक्याच्या गावच्या कुठल्याही अनुदानित हायस्कुलात जा, एक 'नवे सर' तिथे भेटतातच. वय चाळिशीपार, केस मागून विरळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेनड्राइव्ह. सबंध शाळा त्या पेनड्राइव्हवर असते.

सर आले ते सहा महिन्यांसाठी. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. ज्या बाळामुळे सर आले, ते यंदा त्यांच्याच वर्गात दहावीला आहे आणि तेही त्यांना 'नवे सर'च म्हणतं. मधल्या काळात बाई परत आल्या, पण तोवर विज्ञानाचे सर निवृत्त झाले होते. ती जागा भरणार तेवढ्यात 2 मे 2012 चा भरतीबंदीचा निर्णय आला. जागा रिकामी ठेवता येत होती; वर्ग ठेवता येत नव्हता. चेअरमन म्हणाले, "मास्तर, बंदी उठेपर्यंत सांभाळून घ्या." सर अजून सांभाळून घेताहेत.

त्यांची ऑर्डर दर वर्षी जूनमध्ये निघते आणि एप्रिलअखेर संपते. शाळेत मराठी टायपिंग धड येणारे तेच असल्यामुळे ती टाइपही तेच करतात. 'आपली नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून मुदत संपताच आपली सेवा कोणतीही पूर्वसूचना न देता संपुष्टात येईल', हे वाक्य ते स्वतः ठळक करतात. एका वर्षी लेखनिकाने हौसेने ऑर्डर टाइप केली आणि 'नियूक्ती' असं दीर्घ लिहिलं. सरांनी ती परत पाठवली. म्हणाले, "नोकरी तात्पुरती असली तरी शुद्धलेखन कायमचं असतं."

मे महिन्यात सर अस्तित्वात नसतात. म्हणजे गावात दिसतात. कुणाच्या मंडपात लायटिंगचा हिशेब बघताना, कुणाच्या आंब्याच्या पेट्या मोजताना. पण "काय सर, इकडे कुठे?" असं विचारलं की चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतात, "सुट्टी चालू आहे ना." ती त्यांना कुणी दिलेली नसते.

बाकी अकरा महिने मात्र शाळेतलं पानही त्यांच्याशिवाय हलत नाही. नेमणूक विज्ञानासाठी, शिकवतात गणित, भूगोल, स्काउट आणि वेळ पडली तर हिंदी. ऑफ तासांच्या वहीत बाकीच्यांची नावं आलटून-पालटून येतात, सरांचं रोज येतं. इतिहासाचे सर तर वहीसुद्धा मागवत नाहीत. दारातूनच म्हणतात, "नवे सर, नववी ब जरा बघता का? आलोच." जरा म्हणजे चाळीस मिनिटं, आणि 'आलोच' हा इतिहास असल्यामुळे त्याची पुनरावृत्ती होते. सर 'नाही' म्हणत नाहीत. 'नाही' म्हणायला हजेरीपटावर नाव लागतं. त्यांची सही वेगळ्या दोनशे पानी वहीत होते आणि तपासणी आली की शिपाईमामा ती वही प्रयोगशाळेत, ॲसिडच्या बाटल्यांमागे ठेवतात. साहेब तिकडे हात घालत नाहीत.

महिनाअखेरीला सरांचा खरा दिमाख बघावा. शालार्थवर पगारबिल भरायचं असतं. लेखनिक खुर्ची देतो, मुख्याध्यापक स्वतः चहा सांगतात. सर एकेका नावावर क्लिक करत जातात: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, भविष्य निर्वाह निधी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा कुणाचा कितवा हप्ता राहिला, हे ज्याचा हप्ता त्याला ठाऊक नसतं, सरांना असतं. जुलैची वेतनवाढ लागली नाही की माणसं मुख्याध्यापकांकडे जात नाहीत, सरांचं घर गाठतात. बिल फॉरवर्ड झालं की सगळ्या स्टाफचा जीव भांड्यात पडतो. त्या यादीत सरांचं नाव नाही. त्यांचं मानधन स्टाफच्या वर्गणीतून येतं. ते पाकिटात मिळतं आणि पाकीट बहुधा मागच्या कुणाच्या तरी लग्नातलं असतं. एकदा त्यावर 'शुभाशीर्वाद' छापलेलं होतं. सरांनी आतले पैसे मोजले आणि म्हणाले, "बरोबरच छापलंय."

सरांचा व्यासंग शासन निर्णयांचा. लोक जशा एसटीच्या वेळा सांगतात, तसे सर जीआरच्या तारखा सांगतात. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, त्याला सगळा महाराष्ट्र शोषण म्हणत होता. सर मात्र अजून त्या शोषणाच्या प्रतीक्षेत आहेत. तीन वर्षं काढली की पुढे नियमित वेतनश्रेणी! आणि 2023 पासून तर माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला दरमहा 18 हजार! "एवढे पैसे घेऊन माणूस शोषण करून घ्यायला नाही कशाला म्हणेल?" असं ते खरोखर विचारतात.

भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, तेव्हा ते आंघोळ करून लॉगिन करत. डिसेंबर 2017 ची अभियोग्यता चाचणी दिली, 2023 ची दिली, 2025 चीही दिली. कधी गुण कमी पडले, कधी गुण होते तर त्यांच्या विषयाची जाहिरात नव्हती. जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या जागेवर त्यांचा डोळा होता. तिथे 2023 च्या जुलैत निर्णय आला, की नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजारांवर बोलवावं. त्या जागेवर सरांना चौथीत शिकवणारे गुरुजी रुजू झाले. सरांनी पेढे नेले, पाया पडले. गुरुजी म्हणाले, "शिकत राहा बाळा, संधी मिळेल."

दोन वर्षांपूर्वी पोर्टलवरूनच एक पोरगा शाळेत रुजू झाला. सरांचाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, तुम्ही इथेच?" सरांनी त्याला किल्ल्या कुठे असतात, पंखा कुठल्या बटणाने लागतो, चेअरमनसमोर काय बोलू नये, हे सगळं सांगितलं आणि त्याच दुपारी त्याचा शालार्थ आयडीचा प्रस्ताव टाइप करायला घेतला. आता मुलं त्या पोराला नुसतं 'सर' म्हणतात. नवे कोण, हे आधीच ठरलेलं आहे.

सरांकडे एकच गोष्ट कायमस्वरूपी आहे: टीईटीचं प्रमाणपत्र. राज्यात ही परीक्षा 2013 मध्ये सुरू झाली आणि सर पहिल्याच झटक्यात पास झाले. त्या प्रमाणपत्राला सात वर्षांची मुदत होती. 2021 मध्ये ते आजन्म झालं. सरांनी ते लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

मग 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. स्टाफरूममध्ये चहा निवला. वीस-वीस वर्षं परीक्षा घेणारी माणसं 'दीडशेपैकी नव्वद' हा आकडा ऐकून एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांची नजर हळूहळू कोपऱ्यात निकालपत्रकं जुळवत बसलेल्या सरांकडे वळली.

आता शनिवारी शाळा सुटली की सातवी अ च्या वर्गात परमनंट स्टाफ बाकांवर बसतो आणि नवे सर फळ्यावर पियाजेच्या विकासाच्या अवस्था लिहितात. बाकं लहान आहेत, गुडघे मावत नाहीत. परवा गणिताच्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "नापास झालो तर काढून टाकतील हो आम्हाला. तुमचं बरं आहे."

"माझं बरंच आहे, बाई," सर डस्टर झटकत म्हणाले. "काढायला आधी घ्यावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या शनिवारचा गृहपाठ दिला आणि मागच्या बाकावर मोबाइल बघत बसलेल्या इतिहासाच्या सरांना उभं केलं.