पोटाखालची वहिवाट

मोटारगाडीच्या नोंदणीचा दाखला हाती पडला म्हणजे गाडी चाकांपासून टपापर्यंत आपली झाली, असा सर्वसामान्य गृहस्थाचा समज असतो. परंतु तिचे पोट आणि डांबर यांच्यामध्ये जी वीतभर पोकळी उरते, तिच्यावर आमच्या ठाणे जिल्ह्यात किती दावेदार वहिवाट सांगतात, हे कल्याण-शीळ रस्त्यावरून एखादी ठेंगणी गाडी हाकल्याखेरीज कळत नाही. पहिला हक्क गतिरोधकाचा, दुसरा खड्ड्याचा, आषाढ-श्रावणात तिसरा पाण्याचा, आणि गाडी उभी असेल तेव्हा चौथा सोसायटीतल्या कुत्र्याचा. या जुन्या कज्ज्यात माझ्या भाच्याने वाऱ्याला पाचवा वादी म्हणून उभे केले.

भाच्याची गाडी सॅन स्टॉर्म: गोव्यात तयार झालेली, दोन आसनांची, फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनॉच्या इंजिनाची. डोंबिवलीकरांना मोटारनिर्मितीचे अप्रूप नाही. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या इथल्याच कारखान्यातून प्यूजो 309 बाहेर पडत असे. परंतु ती सहकुटुंब बसण्याची गाडी. हिच्यात भाच्याशेजारी मी बसलो की त्याच्या आईला रिक्षाने यावे लागते.

गाडीचा तळ झाकून सपाट करावा हा भाच्याचा सिद्धान्त निराधार होता असे मात्र कोणी समजू नये. गाडीखालून जाणारा वारा सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, आस आणि नळ्या यांना ठेचकाळत जातो आणि त्यामुळे गाडीला मागे ओढतो. तोच तळ सपाट केला आणि मागच्या टोकाला सात ते दहा अंशांचा हलका चढ दिला, तर वारा वेगाने निसटतो, पोटाखालचा दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला चिकटून धावते. याच तत्त्वाच्या बळावर 1978 साली मारिओ आंद्रेत्ती लोटस 79 मधून मोटारशर्यतींचा जगज्जेता झाला. आणि त्याच वर्षी ब्रॅबहॅम संघाच्या लोकांनी तर गाडीच्या पाठीला एक प्रचंड पंखाच लावून पोटाखालचा वारा उपसून काढला, स्वीडनची शर्यत जिंकली आणि प्रतिस्पर्ध्यांचा गिल्ला ऐकून ती गाडी मुकाट्याने घरी नेली.

एमआयडीसीतल्या एका गाळ्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा भाव विचारून आल्यावर भाच्याचे लक्ष विजेच्या खांबांकडे वळले. ज्या दिवशी कोणाचाही वाढदिवस नाही असा दिवस डोंबिवलीच्या पंचांगात सापडणे दुर्मीळ असल्याने खांबाखांबावर सनपॅकचे फलक लटकलेले असतात. ते हलके, पाण्याला न जुमानणारे आणि कात्रीने कापता येणारे. वाढदिवस शिळा झाल्यावर संबंधित कार्यकर्त्याची रीतसर अनुमती घेऊन भाच्याने त्यांतले काही उतरवले आणि रविवारी दुपारी पार्किंगमध्ये आम्ही दोघे गाडीखाली उताणे पडलो. विजेरी धरण्याचे काम माझ्याकडे होते. झिपटायने आवळलेल्या त्या फलकावरून एक सुहास्यवदन नेते नाकापासून चार बोटांवर माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळातून, ‘शुभेच्छुक’ या शब्दाच्या किंचित वर, भाचा रिव्हेटसाठी भोक पाडत होता.

सोसायटीचे चिटणीस हे महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून, ते वाकून म्हणाले, “अहो, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 वाचलंय का? मूळ नोंदीशी विसंगत फेरफार चालत नाही.” नोंदणीच्या दाखल्यात रंग, आसने, इंधन, वजन यांचे रकाने आहेत, पोटाचा नाही, असे भाच्याने नम्रपणे निदर्शनास आणताच ते दाखला तपासायला वर गेले. गॅरेजवाल्याचा आक्षेप अधिक मूलगामी होता. “शेठ, वरून पॉलिश मारा ना,” तो म्हणाला, “खाली कोण बघतंय? आणि चेंबर गळायला लागला तर कळणार कसा?”

याहून मोठी अडचण गणिताची. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किलोमीटरला दर चौरस मीटरमागे त्याचा दाब सुमारे 47 किलो भरतो, परंतु काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत जो 20 किलोमीटरचा वेग मोठ्या नशिबाने लाभतो, त्यात तो दोन किलोही भरत नाही, म्हणजे बाजारातून आणलेल्या कांद्यांच्या पिशवीएवढा. “मामा, मुंब्रा बायपासला बघा तुम्ही,” असे भाचा म्हणत राहिला. बायपासला आम्ही एका कंटेनरच्या मागे पोहोचलो आणि ठाणे येईपर्यंत त्याच्याच मागे राहिलो.

वाऱ्याचा दावा असा पुराव्याअभावी रखडला असताना इतर वहिवाटदारांनी आपापले कब्जे शाबीत केले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, पाठ गोलाकार, असा असावा. आमच्या गल्लीतल्याने उंची मान्य केली आहे, रुंदी अमान्य. त्याने मागचा चढ पहिल्याच आठवड्यात उखडून घेतला. पुढे पावसात मानपाड्याचे पाणी पुढच्या फटीतून फलकांवर चढले व तिथेच मुक्कामाला राहिले. ब्रेक दाबला की ते पुढे धावे, गिअर टाकला की मागे, आणि सिग्नलला उभे असताना आमच्या पायांखालून गंभीर डुबुक असा ध्वनी येई. पाणी जावे म्हणून भोके पाडली. भोकांनी सपाटपणा गेला. आता भोकांचे गणित चालू आहे. कुत्र्याने मात्र नवा तळ नापसंत करून शेजारच्या उंच गाडीखाली बिऱ्हाड हलवले.

सायलेन्सरजवळचा फलक उष्णतेने मऊ पडून नेत्यांची हनुवटी लांबली, तेव्हा तो काढावा लागला. त्या जागी नवा बसवण्यासाठी भाचा निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहत आहे. वाढदिवसाचे फलक मापाला अपुरे पडतात, उमेदवार मात्र पूर्ण उंचीचा छापतात.