गादीवाले अंकल

सिल्वासातून परदेशी शिकायला निघालेल्या पोराची बॅग कशी भरायची हे आता घरोघरी पाठ आहे. कुकर, मेतकूट, तापाच्या गोळ्या आणि वरून आईची ताकीद: 'अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही.' पोरगं अमेरिकेत उतरतं आणि थेट अनोळखी माणसाच्याच गाडीत बसतं. तो माणूस म्हणजे गादीवाले अंकल.

टेक्सास असो की ओहायो, विद्यापीठाच्या गावात हे भेटणारच. साठीच्या आसपासचे, पँट बेंबीच्या वर. 'मला नावाने हाक मार' असं ते परोपरीने सांगतात, पण आपल्या पोराची जीभ वळत नाही, अंकलच निघतं. नव्या विद्यार्थ्याला विमानतळावरून आणायचं, बँकेत न्यायचं आणि जुनी गादी मिळवून द्यायची, हे चर्चने दिलेलं काम ते व्रतासारखं करतात. गादी गाडीच्या टपावर बांधलेली, दोरीचं एक टोक खिडकीतून आत आणि ते पोराच्या मुठीत. 'घट्ट धर, सोडू नकोस,' हा अंकलचा पहिला उपदेश.

दुसऱ्या उपदेशाला मात्र दोन-तीन महिने लागतात. एवढी चिकाटी एलआयसीच्या एजंटालाही नसते. आधी शुक्रवारचं जेवण. त्यात आंटी शाकाहारी पोरासाठी उकडलेल्या फरसबीवर चीज घालून वाढतात आणि तो तिखटाची पुडी खिशातच चाचपत राहतो. मग 'इंग्रजी सुधारायचंय? बुधवारी ये.' पोरगं पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेलं, पण फुकटच्या कॉफीला नाही कोण म्हणणार? वाचायला पुढ्यात येतं ते योहानाचं शुभवर्तमान. आणि एका बुधवारी अंकल आवाज खाली आणून विचारतात, 'येशूचं नाव कधी कानावर आलंय का रे?'

आता हे पोरगं सिल्वासाचं. अवर लेडी ऑफ पायटी चर्च भरगावात, त्याच्यासमोरून दहावीपर्यंत ट्यूशनला गेलेलं. ते सरळ 'हो' म्हणतं. अंकलची सगळी तयारी 'नाही'साठी केलेली असते. त्यांना पुढचं पान सापडत नाही.

थँक्सगिव्हिंगला ते १६२१च्या पहिल्या मेजवानीची गोष्ट सांगतात, जणू त्याआधी जगात कुणी देवाचे आभार मानलेच नव्हते. पोराने सांगायला हवं होतं की त्याच्या पाच वर्षं आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याचं क्रिस्तपुराण गोव्यात छापून झालं होतं, तेही मराठी ओव्यांत. पण पोराचं लक्ष बटाट्यात.

या अंकलचा मूळपुरुष आपल्याच इतिहासात आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने नवा करार हातात दिला आणि वर भाकीत केलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला! आमच्या अंकलना असं गिऱ्हाईक जन्मात मिळत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो मेकॅनिकलचा पोरगा. तो प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटतो, कारण रात्री असाइनमेंट करत जागलेला असतो.

इकडे नातेवाईक म्हणतात, गळ टाकलाय. असेलही. पण तापाने फणफणलेल्या पोराच्या दाराशी सूपचं भांडं घेऊन अंकलच उभे राहिले. त्याच गावातल्या महाराष्ट्र मंडळाकडून फक्त गणपतीच्या वर्गणीचा मेसेज आला होता. मैत्री कुठे संपते आणि धर्मकार्य कुठे सुरू होतं, हे अंकलना स्वतःलाही सांगता यायचं नाही. 'नाही' ऐकल्यावर ज्यांचे फोन बंद होतात तेही अंकल असतात म्हणे, पण त्यांना हे नाव शोभत नाही. खऱ्या गादीवाल्यांचा फोन पोरगं शहर सोडून गेलं तरी येतो, आणि पहिला प्रश्न असतो, 'जेवलास का?'

असेच एक अंकल गेल्या हिवाळ्यात आंटींसह सिल्वासात अवतरले. पोराचे बाबा मसाटच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. वापी स्टेशनवरून आणताना त्यांनी गाडीतच इतिहास उरकला: मराठ्यांनी पोर्तुगीजांचं एक जहाज धरलं, त्याच्या भरपाईपायी १७८३मध्ये नगर हवेली गेली, ती २ ऑगस्ट १९५४ला सुटली, आणि सोडवायला गाणारे सुधीर फडकेही होते. अंकलनी 'वंडरफुल' म्हणत दमणगंगेचे फोटो काढले.

पाहुण्यांना आपलंसं वाटावं म्हणून आईने रविवारी त्यांना चर्चमध्ये नेलं. बरोबर हार, मेणबत्त्या आणि पेढ्यांचा पुडा. चप्पल दाराशी काढून ती थेट मेरीच्या मूर्तीसमोर हात जोडून उभी राहिली. अंकल पडले कट्टर बाप्टिस्ट. मूर्तीपुढे मेणबत्ती म्हणजे त्यांच्या हिशेबी गणपतीपुढच्या समईइतकीच चुकीची. ते खांबाआड सरकले. आईला वाटलं, बिचारे परक्या गावात लाजताहेत.

'अहो या ना पुढे, तुमचाच तर देव,' म्हणत तिने त्यांच्या हातात मेणबत्ती दिली. पोराने खालमानेने भाषांतर केलं. अंकलनी कसंबसं विचारलं, तुम्ही काय मागितलंत?

'याचा एच-वन-बी लॉटरीत निघू दे म्हणून सांगितलं,' आई म्हणाली. 'तुम्हीपण सांगा. तुमचं इंग्रजीतलं लवकर पोचेल.'